माझ्या कपाटातली हत्यारं

कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकायला गेलं की हातात पहिल्यांदा काठी येते, मग फरी-गदगा, म्हणजे छोटी ढाल आणि आखूड काठी. तलवारीपर्यंत आणि दांडपट्ट्यापर्यंत पोचायला बराच घाम गाळावा लागतो. मी पोरवयात तालमीत गेलेलो नाही. चाळिशीच्या तोंडावर मुलीला शिवाजी पेठेतल्या आखाड्यात सोडायला जायचो. कट्ट्यावर बसून मोबाईल बघण्यापेक्षा बरं, म्हणून एका संध्याकाळी मैदानात उतरलो. वस्तादांनी वय विचारलं नाही, गुडघे कसे आहेत ते विचारलं.

आपलं स्वतःचं हत्यार असावं ही हौस तेव्हा नव्हती. ती अडचणीतून आली. आखाड्याचा दांडपट्टा सगळ्यांचा असतो आणि पट्टा काही कुणाच्याही हातात बसत नाही. तलवारीची मूठ आपण धरतो. पट्ट्यात हात घालावा लागतो. जवळजवळ कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा, आत मुठीत धरायची आडवी दांडी, मागे हातावर आवळायची पट्टी आणि पुढे तीन-साडेतीन फुटांचं सरळ, दोन्ही कडांचं लवचीक पातं. एकदा हात आत गेला की मनगट बंद. वार खांद्यातून आणि कोपरातून काढायचा, आणि पायाचे पवित्रे त्याच्या बरोबर पडले पाहिजेत, नाहीतर पातं आपल्याच पोटरीकडे येतं. माझं मनगट जाड. आखाड्याच्या खोबळ्यात हात रुतायचा, काढताना चामडी सोलून निघायची. वस्ताद दोनचारदा बघून म्हणाले, "तुज्या मापाचा करून घे आता. पर आदी कागुद बग."

कागद म्हणजे काय, ते आखाड्यातच येणाऱ्या एका वकील मित्राने सांगितलं. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखालचे नियम २०१६ चे. या नियमांत बंदुकांच्या पलीकडचा एक वर्ग आहे: तलवार, गुप्ती, कट्यार, भाला, परशू आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तत्सम हत्यारं. घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारं यातून वगळलेली आहेत, म्हणून आपल्या घरातली विळी आणि शेतातला कोयता निर्धास्त. लाठीचं तर कायद्याच्या व्याख्येतच नाव घेऊन सांगितलंय की ती शस्त्र नव्हे. (हे ऐकून वस्ताद इतके नाराज झालेले मी कधी पाहिले नव्हते.)

माझा पहिला प्रश्न सगळ्यांचा असतो तोच होता. सरावाच्या हत्याराला धार नसते, टोक गोल केलेलं असतं, मग त्याला परवाना कशाला? वकील म्हणाला, "खेळणं असेल तर सुटतं. पण ज्याला घासून उद्या धार लावता येते, त्याला खेळणं कोण म्हणेल? अर्ज कर आणि मोकळा हो." दुसरी ऐकीव गोष्ट अशी की, जुनं अँटिक असलं की परवाना लागत नाही. कायद्यात जुनाट, पुरातन मूल्याच्या हत्यारांना सूट देणारं कलम आहे हे खरं. पण त्याची भाषा 'बंदूक म्हणून वापरता न येणारं' अशी आहे. तलवारीसाठी त्या कलमावर विसंबून घरी निवांत बसू नये असं त्याचं मत, आणि मी ते ऐकलं. गावोगावी तलवारीने वाढदिवसाचा केक कापून व्हिडिओ टाकणारी पोरं पोलीस ठाण्यात बसलेली आपण बघतोच. कुरियरने तलवारी मागवणाऱ्यांचीही तीच गत झाली आहे.

अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. फॉर्म ए-१, ओळखीचे आणि रहिवासाचे पुरावे, फोटो. सोबत मी तालमीचं पत्र जोडलं, खेळाच्या प्रात्यक्षिकांचे फोटो जोडले आणि कोणतं हत्यार, पातं किती लांब, किती रुंद, ठेवणार कुठे याचं एक टाचण जोडलं. टेबलावरच्या बाईंनी फॉर्म उलटापालटा केला.

"बंदूक कुठली?"

"बंदूक नाही मॅडम. पट्टा."

"कसला पट्टा?"

शेवटी मोबाईलवर मुलीचा व्हिडिओ दाखवला. बाईंनी तो पूर्ण बघितला, शेजारच्या टेबलाला दाखवला, आणि मग मुलगी कितवीत आहे ही चौकशी झाली. काम तिथून सरळ झालं. येतात ते बहुतेक अर्ज पिस्तुलाचे आणि पीकसंरक्षणाच्या बंदुकीचे. हा असला अर्ज हातात आला की माणूस आधी दचकतो, मग गोडीने विचारायला लागतो. पुढे पोलीस पडताळणी. घरी आलेल्या हवालदारांनी गुन्ह्याबिन्ह्याचं विचारून झाल्यावर कपाट बघितलं, कुलूप ओढून बघितलं, किल्ली कुणाकडे असते ते विचारलं. चहा घेताना म्हणाले, "मी पण लहानपणी बनाटी फिरवायचो." कोल्हापुरात हे असं असतं. प्रत्येकाच्या घरात एक तरी माणूस कधीतरी तालमीत जाऊन आलेला असतो.

एक गोष्ट मात्र परवान्यानेही सुटत नाही. सणासुदीला, निवडणुकीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा हुकूम निघतो. तेव्हा हत्यार घेऊन रस्त्यावर यायचं नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा चौकात प्रात्यक्षिक असलं की आखाड्याने वेगळी परवानगी काढायची. आमच्याकडे त्यासाठी एक जाड फाईल आहे आणि ती सांभाळणारा माणूस वस्तादांच्या खालोखाल मानाचा.

कागद हातात आल्यावर पट्टा. तलवार करणाऱ्यालाही परवाना लागतो, तेव्हा घरच्या घरी स्प्रिंग पाटा घासून पट्टा करायचा उद्योग बाद. आखाड्यांना हत्यारं पुरवणाऱ्या, परवाना असलेल्या एका कारागिराला काम दिलं. पण पात्याला पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणायचा कडकपणा, आमच्याकडे द्यायचं असं मी त्याला घोळात घेऊन पटवलं. मी उद्यमनगरात हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये आहे. गिअर, शाफ्ट, पिना तापवायच्या, तेलात बुडवायच्या आणि कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर टोचून बघायच्या, यात माझी हयात गेली. ट्रकच्या पाट्यातून पट्टा काढायचा तर तो घासून घासून दीड मिलिमीटरवर आणावा लागतो, त्यात बहुतेक पोलाद ग्राइंडरच्या धुळीत जातं. आम्ही स्प्रिंगची तयार पट्टी घेतली, जास्त कार्बनची.

लांब, पातळ पातं तापवून तेलात घालणं हा सगळ्यात जिवावरचा भाग. ८३० अंशांच्या आसपास ते लालभडक होऊन भट्टीत लोंबत असतं, आणि तेलात जाताना केसभर जरी तिरकं गेलं तरी एक बाजू आधी थंड होऊन पातं केळीच्या सालीसारखं वळतं. म्हणून खड्ड्याच्या भट्टीत उभं टांगायचं आणि उभंच सोडायचं, मधे थांबायचं नाही. बाहेर आलं तेव्हा ते काचेसारखं कडक होतं. त्या अवस्थेत वाकवलं असतं तर दोन तुकडे. लगेच दोन सपाट जाड प्लेटांमध्ये बोल्टने आवळून पुन्हा भट्टीत, या वेळी साडेचारशेच्या आतबाहेर, दोन तास. प्लेटा उघडल्या तर कडेला निळसर करडा रंग चढलेला. मशीनवर ४५ आला. गिअरचं काम असतं तर मी तो जॉब परत पाठवला असता. पट्ट्याला मात्र हाच आकडा हवा. कडक पातं चमकतं छान, पण दगडाला लागलं की उडतं, आणि समोर प्रेक्षक बसलेले असतात.

खोबळा बंब करणाऱ्या एका मिस्त्रींनी ठोकून दिला. त्यांनी माझ्या हाताचं माप सुतळीने घेतलं, मनगटाचं, हाताच्या मध्याचं, कोपराखालचं, आणि सुतळीला गाठी मारून खिशात ठेवली. पातं खोबळ्याला जोडताना वेल्डिंग करायचं नाही एवढं मी बजावलं होतं. वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारचं पाणी उतरतं आणि पट्टा नेमका तिथेच मान टाकतो. चार रिव्हेटी ठोकल्या, आतून नमद्याचं अस्तर लावलं.

वस्तादांनी पट्टा हातात घेतला तो आधी नुसता कानाशी. नखाने पात्यावर टिचकी मारली. मग टोक जमिनीवर टेकवून वरून भार दिला, पातं कमानीसारखं वाकलं, सोडलं, आणि एक डोळा मिटून पाठीवरून नजर टाकली. सरळ आलं होतं. हात घालून दोन वार काढले आणि थांबले. "टोक जड हाय. मुलाण्याच्या बकऱ्याला चालंल, मानसाला न्हाय." परत कारागिराकडे. शेवटच्या हातभर लांबीत दोन्ही कडांनी रुंदी उतरत नेली. वजनात फरक जेमतेम छटाकभराचा असेल; हातात मात्र दुसरंच हत्यार आलं. पुढच्या खेपेला वस्ताद काही बोलले नाहीत. जमिनीवर लिंबू ठेवलं आणि मला पुढे केलं. लिंबू कापलं जायला धार लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं. पात्याला वेग असला आणि ते आडवं न पडता सरळ आलं की पातळ कडेलाही लिंबू भागतं. पहिलं कधी भागलं ते विचारू नका.

एवढ्यावर थांबलो असतो. पण हत्याराचा नाद लागला की माणूस दुसऱ्यांच्या भिंतीकडे बघायला लागतो. न्यू पॅलेसमधल्या शहाजी म्युझियमला शाळेपासून चारदोनदा गेलेलो होतो, तेव्हा भुसा भरलेले वाघ बघितले होते. आता तलवारींच्या कपाटासमोरून मी हलेना म्हणून बायको पुढे गेली. मूठ कशी बसवली आहे, पाठ किती जाड आहे, पन्हळी किती, टोकाकडे पातं रुंद होतंय का, हे बघण्यात तासन्‌तास जातात. आणि मग वाटायला लागतं की एखादी जुनी आपल्याकडे असावी.

जुन्याच्या बाजारात उतरल्यावर पहिल्यांदा भेटलं ते नवं जुनं. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने 'अठराव्या शतकातली मराठा तलवार' म्हणून दाखवलेली. गंज होता, खड्डे होते, मुठीवर सोनेरी वेलबुट्टी होती. पण पोलाद माझं रोजचं. खरा जुना गंज एकसारखा नसतो. म्यानाच्या तोंडाशी जास्त, तेल लागत राहिलेल्या ठिकाणी कमी, मुठीच्या खाली पाणी साचतं तिथे खोल. हिच्यावरचे खड्डे टोकापासून मुठीपर्यंत सारख्या मापाचे, म्हणजे ॲसिडचं काम. मुठीच्या आत टॉर्च मारला तर पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर आर्क वेल्डिंगचा मणी, आणि तो लपवायला एम-सील. जुन्या मुठीत पात्याचा कान, म्हणजे मुठीत जाणारं टोक, लाखेत बसवलेला असतो, तापवलं की सुटावा म्हणून. सोनं बघायचं तर भिंग घ्यावं. खऱ्या कोफ्तगिरीत आधी पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा ओढून पृष्ठभाग खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं झिजलेल्या ठिकाणी त्या रेघा दिसतात. इथे झिजलेल्या जागी खाली गुळगुळीत लोखंड होतं, म्हणजे वरून मुलामा. विक्रेता म्हणाला, "साहेब, इतकं कुणी बघत नाही."

त्याच्याकडेच पुढे माडू निघाला. माडू म्हणजे काळविटाची दोन शिंगं उलटसुलट जोडून मधे छोटी ढाल बसवलेलं हत्यार. अडवायचं आणि भोसकायचं. वस्ताद माडूचे हात दाखवतात तेव्हा आखाडा गप्प होतो, त्यामुळे ते समोर बघून माझे हात शिवशिवले. शिंगं खरी होती, पीळ हाताला लागत होते. शेजारी एक मधासारख्या रंगाची ढाल, उजेडासमोर धरली की आरपार लाली दिसणारी, गेंड्याचं कातडं. दोन्ही मी खाली ठेवली. काळवीट आणि गेंडा दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. अशा जुन्या वस्तू घरात असणाऱ्यांना त्या जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा ज्यांनी जाहीर करून मालकीचा दाखला घेतला त्यांनाही त्या विकता येत नाहीत. हस्तिदंती मुठीचंही तेच. विक्रेत्याकडे कागद नव्हता आणि असला तरी त्याचा उपयोग नव्हता. आखाड्यातला आमचा माडू लोखंडी पोकळ नळीचा आहे, शिंगांसारखे पीळ लेथवर काढलेला. दिसायला ओबडधोबड, पण पोरांच्या हातात निश्चिंतपणे देता येतो.

खरी जुनी तलवार बाजारात नव्हे, भुदरगड तालुक्यातल्या एका वाड्यात हातात आली. आखाड्यातल्या मित्राचं मूळ घर. देवघराशेजारच्या कोनाड्यात खंडेनवमीला पुजायची तलवार, वर्षानुवर्षांच्या कुंकवाने आणि खोबरेल तेलाने काळीमिट्ट झालेली, मूठ खुळखुळणारी. मित्राच्या काकांना ती साफ करून हवी होती, पण त्यांची एक अट होती. तलवार वाड्याबाहेर जाणार नाही. तेव्हा आम्हीच सामान घेऊन तिकडे गेलो.

हळदीकुंकवाचा थर ओल धरतो आणि त्याच्या खाली पोलाद खड्डे घेतं. लिंबू, चिंच, विटकरीची भुकटी हे घरगुती उपाय चकाकी आणतात, पण सोबत खुणा आणि अक्षरं घेऊन जातात. ग्राइंडरचं तर नाव काढू नये. आम्ही रॉकेलचे बोळे गुंडाळून ती पडवीत ठेवली, थर मऊ झाल्यावर बांबूच्या कामट्यांनी खरवडला, आणि राहिलेला अगदी बारीक स्टील वूलने, तेलात, एकाच दिशेने. तिसऱ्या प्रहरी पाठीलगतच्या पन्हळी दिसायला लागल्या, मुठीच्या जवळ दोन अर्धचंद्र, पाठीला पाठ लावलेले, कडेला दाते. काका खूश झाले, "म्हणजे फिरंग!" युरोपातून आलेल्या पात्यांवर अशा खुणा असतात हे खरं, पण त्या इतक्या नावाजल्या की जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी इटालियन खुणा उचलल्या आणि आपल्या लोहारांनी दोघांच्याही. नुसत्या खुणेवरून पातं कुठलं ते ठरत नाही, असं मी काकांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. अजूनही ते फिरंगच म्हणतात.

मूठ बसवणं मला सगळ्यात आवडलं. आधी पात्याला ओलं फडकं गुंडाळायचं, म्हणजे आच वर चढून पाणी उतरायला नको. मग मूठ मंद आचेवर धरली. जुनी लाख आधी घामेजल्यागत झाली, मग वास सुटला, आणि पातं हलक्या हाताने निघून आलं. आतून निघालेला गाळ काळा आणि चुऱ्यासारखा. नव्या लाखेत विटेची भुकटी मिसळून मुठीत भरली, कान तापवून आत खुपसला, सरळ धरून थांबलो. कुठे स्क्रू नाही, रिव्हेट नाही. गार झाल्यावर मूठ धरून पातं झटकलं तर जराही हललं नाही.

मित्राच्या कॉलेजातल्या पोराने ती उचलली आणि म्हणाला, "पूर्वीचे लोक एवढेसेच होते काय? मूठ बघा की, तीनच बोटं मावतात." वस्ताद सोबत आले होते. त्यांनी त्याचं पहिलं बोट उचलून परजेवरून, म्हणजे मुठीच्या आडव्या दांडीवरून, पुढे घातलं, उरलेल्या तीन बोटांनी मूठ आवळायला लावली. खालची वाटी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकली. "आता हात लांब करून मार." मारता येईना, वाटी मनगटाला वाकू देत नाही. "आता वड." तोच हात खांद्यातून ओढत आणला तर पातं सुळकन फिरलं. आपली तलवार कुऱ्हाडीसारखी मारायची नाही, ओढून कापायची, आणि मूठ त्या बेताने केलेली आहे. म्युझियमच्या काचेआडून हे दिसणं शक्य नव्हतं. तेव्हापासून जे हत्यार मला फिरवता येत नाही ते मी घेत नाही. भिंत भरायला हत्यारं भरपूर मिळतात. त्यांच्याकडे बघून मन भरलं की झालं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सोदबीज लिलावात नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती ४७ लाख १५ हजारांना घेतली. त्यानंतर महिनाभर मला नातेवाइकांचे फोन. आमच्या आज्ज्याची पण आहे, किती येतील? त्या तलवारीच्या युरोपीय पात्यावर सोन्याने नाव आणि 'सेनासाहेबसुभा' हा किताब कोरलेला आहे. किंमत त्या नावाची. नाव नसलेल्या पात्याला तसा भाव येत नाही, आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ती कुणालाही खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. एवढं सांगितलं की फोन लवकर ठेवतात.

कपाटात आज पट्टा आहे, दोन तलवारी, एक बिचवा आणि परवानगीची पत्रं. जून ते सप्टेंबर ही त्यांची परीक्षा. इथल्या पावसात भिंतीला हात लावला तर ओला होतो, पोलादाचं काय घेऊन बसलात. म्यान फक्त मिरवायला. लाकूड आणि चामडं दोन्ही ओल धरून बसतात, म्हणून पावसाळ्यात पाती म्यानाबाहेर. खोबरेल तेल मी लावत नाही, चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं पातळ तेल, पुसून जवळजवळ कोरडं केलेलं, आणि मुठीवर मेणाचा हलका हात. बोट लागलेली जागा लगेच पुसायची. घामातलं मीठ रात्रभरात तांबूस ठसा उमटवतं. २०१९ च्या पुरात एका ओळखीच्या घरी हत्यारांची पेटी गाळात गेली होती. पाणी उतरल्यावर त्यांनी फोन केला तेव्हा एवढंच सांगितलं की गाळ वाळू देऊ नका, आधी स्वच्छ पाण्याने धुवा, पंख्याखाली कोरडी करा, मग तेल. पाती वाचली. म्यानं टाकून द्यावी लागली.

आता विटा करायचा आहे. विटा म्हणजे दोरीचा भाला. फेकायचा आणि मनगटाला बांधलेल्या दोरीने परत खेचायचा. फाळाचं माप परवान्यात वाढवून घ्यावं लागणार, म्हणून परत अर्ज. याच कामाला निघालो होतो तर मित्राचे काकाही बरोबर आले. वाड्यातल्या तलवारीचा रीतसर कागद करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. पंचाहत्तरीचे गृहस्थ, धोतर, फेटा, हातात फोटो आणि मापं लिहिलेली वही. फॉर्म भरायला मी बसलो. नाव, वय, पत्ता झालं. शस्त्र कशासाठी हवं या रकान्याशी मी थांबलो, कारण खेळ किंवा सराव असं काही त्यांना लागू नव्हतं.

"काय लिहू, काका?"

"लिही की, दसऱ्याला लागते."

मी तेच लिहिलं. पलीकडच्या बाईंनी वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "फोटो दोन आणलेत ना?"